विंगेतला निळा दिवा

नाटकाचं पार्श्वसंगीत मी विंगेत बसून लॅपटॉपवरून वाजवतो. रंगीत तालमीत दुसऱ्या अंकातला ब्लॅकआउट आला आणि मागच्या रांगेतून दिग्दर्शिकेचा आवाज आला, "दादा, विंगेत काय लुकलुकतंय?"

प्रवेशच असा आहे की बाप गेल्यावर मुलगी काळोखात एकटी बोलते. एकही स्पॉट नाही, प्रेक्षकांनी फक्त तिचा आवाज ऐकायचा. मी खाली खुर्चीत जाऊन बसलो. तिच्या प्रत्येक पॉजमध्ये काळ्या पडद्यावर माझ्या वायफायच्या दिव्याची निळी फडफड दिसत होती. एवढ्या मेहनतीने बसवलेला प्रवेश, आणि नजर तिकडेच जायची.

डोळे अंधाराला सरावले की पाहण्याचं काम दंडपेशी, म्हणजे डोळ्याच्या पडद्यातल्या मंद उजेडात काम करणाऱ्या पेशी करतात. त्यांना ५०० नॅनोमीटरच्या आसपासचा निळसर-हिरवा प्रकाश सर्वांत तीव्र दिसतो, तांबडा जेमतेम. त्यामुळे अंधारात दिव्यासाठी निळा हा फारच वाईट रंग.

वायफाय बंद करता येईना, कारण प्रकाशयोजनेचे क्यू, म्हणजे दिवे बदलायचे इशारे, त्यावरूनच जातात. चिकटपट्टीच्या कडेने उजेड झिरपत होता. पण लॅपटॉपवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम आहे, आणि तिथे बरेच दिवे फायलींसारखे दिसतात: सिस नावाचं फोल्डर, त्यात क्लास, त्यात लेड्स. प्रत्येक दिव्याच्या फोल्डरमध्ये ब्राइटनेस नावाची फाइल असते. तिच्यात ० लिहिलं की दिवा विझतो. मशीन रीस्टार्ट केलं की मात्र पुन्हा सुरू. म्हणून इंटेलच्या वायफाय ड्रायव्हरलाच, म्हणजे वायफाय चालवणाऱ्या सॉफ्टवेअरलाच, लेड मोड ३ देऊन टाकला; ३ म्हणजे दिवा बंद. १ दिला तर लुकलुक थांबते, पण दिवा पेटलेला राहतो.

चार्जिंगचा दिवा त्या फोल्डरमध्ये नव्हताच. तो एम्बेडेड कंट्रोलरच्या, म्हणजे लॅपटॉपमधल्या एका छोट्या वेगळ्या चिपच्या ताब्यात. कंट्रोलरमध्ये थेट लिहिण्याच्या वाटा आहेत, पण पंखा आणि बॅटरीही तोच सांभाळतो. प्रयोग तोंडावर असताना तिथे हात घालणं मला पटत नाही. म्हणून त्या दिव्यावर काळ्या गॅफर टेपचे, म्हणजे रंगमंचावर वापरतात त्या कापडी चिकटपट्टीचे, दोन थर दिले, पंख्याची जाळी मोकळी ठेवून.

नंतरच्या फेरीत प्रवेश पूर्ण काळोखात झाला. दिग्दर्शिका म्हणाली, "कॅमेऱ्याचा दिवाही काढून टाक ना." त्याला मी नाही म्हटलं. तो कॅमेरा चालू असेल तेव्हाच पेटतो, आणि प्रयोगात कॅमेरा बंदच असतो. कुणी गुपचूप चालू केलाच, तर मला ते कळायला हवं.