फोर-व्हील ड्राइव्ह कंट्रोल मॉड्यूलची बदली: दोष पक्का करण्यापासून शेवटच्या चाचणीपर्यंत

पिकअपच्या फोर-व्हील ड्राइव्हमधील बिघाड अखेर कंट्रोल मॉड्यूलमध्येच (ती व्यवस्था चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक खोक्यातच) असल्याचे निश्चित झाले असून, नवे मॉड्यूल बसवून त्याचे प्रोग्रॅमिंगही पूर्ण झाले आहे. प्रत्यक्ष बदलीचे काम किरकोळ होते. वेळ गेला तो मॉड्यूलच दोषी आहे हे सिद्ध करण्यात, आणि माझ्या मते या दुरुस्तीचा खरा गाभा तोच आहे. एकदा गाडीच्या ओळख क्रमांकाशी जोडले गेलेले मॉड्यूल दुसऱ्या गाडीत बहुधा सहजासहजी चालत नाही, त्यामुळे ‘लावून तर पाहू’ या पद्धतीला इथे फारसा वाव राहत नाही.

गाडीतील व्यवस्था पार्ट-टाइम प्रकारची आहे, म्हणजे एरवी दोनच चाकांना आणि गरज पडेल तेव्हाच चारही चाकांना शक्ती देणारी. डॅशबोर्डवरील गोल स्विच ट्रान्सफर केसला, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांत शक्ती वाटणाऱ्या गिअरपेटीला, थेट काहीच करत नाही. तो मॉड्यूलकडे फक्त मागणी नोंदवतो. मॉड्यूल गाडीचा वेग, गिअरची स्थिती आणि ब्रेकचा संकेत पाहते, मागणी मान्य करण्याजोगी असेल तर ट्रान्सफर केसची स्थिती बदलणाऱ्या शिफ्ट मोटरला योग्य दिशेने वीज देते, आणि मोटरवरील एन्कोडर ‘जागेवर पोहोचलो’ असे कळवेपर्यंत ती चालू ठेवते. या साखळीतील कोणतीही कडी तुटली तरी चालकाला दिसणारे लक्षण जवळजवळ एकच असते: स्विचवरचा दिवा लुकलुकत राहतो किंवा विझतो आणि गाडी आहे त्याच स्थितीत राहते.

आमच्या गाडीत गोष्ट थोडी निराळी होती. केबिन थंड असताना फोर-हाय (चारही चाकांची, नेहमीच्या वेगाची स्थिती) कधी लागत असे, कधी अर्ध्यावर अडकत असे. केबिन तापल्यावर मात्र स्विचवरचे सगळेच दिवे जात. अशा वेळी स्कॅनर लावला, तर इंजिनच्या मॉड्यूलमध्ये यू०१०२ हा कोड मिळे, म्हणजे ट्रान्सफर केसच्या कंट्रोल मॉड्यूलशी संपर्क तुटल्याची तक्रार. हा कोड गप्प बसलेल्या मॉड्यूलमध्ये नव्हे, तर त्याची वाट पाहणाऱ्या इतर मॉड्यूलमध्ये नोंदला जातो, हे ध्यानात ठेवावे. शिवाय मॉड्यूल गप्प का झाले, हे तो सांगत नाही: त्याला वीज मिळत नसेल, अर्थची (वीज परत नेणारी) वायर तुटलेली असेल, नेटवर्कची वायर तुटलेली असेल किंवा ते आतून बिघडलेले असेल.

म्हणून आधी मॉड्यूलच्या कनेक्टरवर येणारी प्रत्येक गोष्ट तपासली. वीजपुरवठा नुसत्या मल्टिमीटरने मोजण्यावर माझा विश्वास नाही, कारण दहा तारांपैकी एकच तार शिल्लक राहिलेली वायरही मल्टिमीटरला पूर्ण बारा व्होल्ट दाखवते. त्यामुळे कनेक्टर काढून मुख्य पुरवठा आणि अर्थ यांच्यामध्ये ५५ वॉटचा हॅलोजन बल्ब लावला. हा बल्ब सुमारे साडेचार अँपिअर ओढतो. तो पूर्ण तेजाने पेटला आणि अर्थच्या बाजूचा व्होल्टेज ड्रॉप ०.१ व्होल्टच्या आतच राहिला, तेव्हा ही बाजू निर्दोष मानली. जाता जाता एक सूचना: मल्टिमीटरची जाड सुई कनेक्टरच्या मादी टर्मिनलमध्ये कधीही खुपसू नये. टर्मिनल फाकते आणि मूळ दोष सापडण्याआधीच दुसरा तयार होतो. टर्मिनलच्याच मापाची पिन वापरावी.

नेटवर्कची तपासणी त्या मानाने लवकर उरकली. बॅटरी सोडवून नेटवर्कच्या कॅन-हाय आणि कॅन-लो या दोन वायरींमध्ये रोध मोजला तो ६० ओहम भरला. दोन टोकांचे १२० ओहमचे दोन रोध समांतर जोडलेले असले की नेमके एवढेच यायला हवे. मॉड्यूल काढल्यावरही आकडा तोच राहिला, म्हणजे या मॉड्यूलमध्ये टोकाचा रोध नाही आणि त्याच्या कनेक्टरपर्यंत दोन्ही वायरी शाबूत पोहोचतात. गाडी चालू केल्यावर दोन्हींवरचे सरासरी व्होल्टेज अडीच व्होल्टच्या अनुक्रमे किंचित वर आणि किंचित खाली मिळाले.

शिफ्ट मोटरची चाचणी करताना मात्र सावध राहावे लागते. मोटरला बाहेरून वीज दिली की ती ट्रान्सफर केसला न्यूट्रलमध्येही नेऊन ठेवू शकते, आणि ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये असताना गिअर ‘पार्क’मध्ये असला तरी गाडी मोकळी असते. हँडब्रेक पूर्ण ओढून आणि चाकांना दोन्ही बाजूंनी ओट (गाडी सरकू नये म्हणून अडथळे) लावूनच, मध्ये फ्यूज घातलेल्या वायरीने मोटरला क्षणभर वीज दिली. ध्रुव उलटे केल्यावर मोटर दुसऱ्या दिशेनेही तितक्याच जोमाने फिरली. एन्कोडरला पाच व्होल्टचा पुरवठा मॉड्यूलकडूनच मिळत असल्याने तो वेगळ्या छोट्या पुरवठ्यावरून दिला आणि मोटर फिरत असताना सिग्नलच्या वायरीवरील व्होल्टेज पाहिले. ते कुठेही न अडखळता सलग बदलत गेले. आमचा एन्कोडर पोटेन्शियोमीटर प्रकारचा, म्हणजे फिरण्याबरोबर सलग बदलणारे व्होल्टेज देणारा, असल्यामुळे ही चाचणी शक्य झाली. काही गाड्यांत तो अनेक वायरींवर चालू-बंद संकेत देणारा असतो आणि तिथे प्रत्येक संकेत स्वतंत्रपणे पाहावा लागतो.

आता संशय एकाच जागी उरला होता. तरीही ‘बाकी सगळे ठीक, म्हणून मॉड्यूल खराब’ हा निष्कर्ष मला अपुरा वाटतो. मॉड्यूलविरुद्ध थेट पुरावा हवा होता, आणि तो दोन प्रकारे मिळाला. थंड अवस्थेत स्कॅनरवर मॉड्यूलचा संपर्क चालू ठेवून त्याच्या खोक्यावर हेअर ड्रायरने ऊब दिली, तेव्हा काही वेळातच संपर्क तुटला आणि खोके निवल्यावर तो आपोआप परत आला. दुसरी चाचणी अधिक बोलकी होती. मोटर काढून तिच्या जागी तोच ५५ वॉटचा बल्ब मॉड्यूलकडून येणाऱ्या दोन वायरींवर लावला आणि स्कॅनरवरून मोटर दोन्ही दिशांना फिरवण्याची आज्ञा दिली. एका दिशेला बल्ब लख्ख पेटला, तर दुसऱ्या दिशेला नुसता लालसर झाला. नुसता मल्टिमीटर लावला असता दोन्ही दिशांना बारा व्होल्टच दिसत होते. बल्ब लावलेला असताना एन्कोडरची किंमत बदलत नसल्याने मॉड्यूल थोड्या वेळाने स्वतःच प्रयत्न सोडून देते आणि कोड नोंदवते, तेव्हा निरीक्षण चटकन करावे लागते.

खोके उघडल्यावर दोन्ही लक्षणांचा उलगडा झाला. व्होल्टेज रेग्युलेटरच्या एका पायाभोवती आणि मोटर उलटसुलट फिरवणाऱ्या रिलेच्या पायांभोवती ड्राय सोल्डरची (सुटत आलेल्या सांध्याची) बारीक वर्तुळाकार चीर भिंगाखाली स्वच्छ दिसत होती. जड आणि तापणारे भाग हादऱ्यांमध्ये पहिल्यांदा इथेच सुटतात. पाण्याचा किंवा गंजाचा मागमूस नव्हता. मग सोल्डर करूनच का भागवले नाही, असे कोणी विचारेल. रिलेचे आतले संपर्कही काळवंडलेले होते, आणि फोर-लो (चारही चाकांची, कमी वेगाची आणि जास्त जोराची स्थिती) लावण्याच्या प्रवासात वाटेत न्यूट्रल लागत असल्याने या मोटरचे अर्ध्यावर थांबणे उतारावर धोक्याचे ठरते. रेडिओ असता तर सोल्डर करून मोकळा झालो असतो.

नवे मॉड्यूल निवडताना कनेक्टर जुळतो एवढ्यावर भिस्त ठेवली नाही. एकाच आकाराचे खोके वेगवेगळ्या ट्रान्सफर केससाठी वापरलेले असते, म्हणून जुन्या मॉड्यूलवरील संपूर्ण भाग क्रमांक, शेवटच्या अक्षरांसकट, पडताळला. बसवताना बॅटरीचे ऋण टोक आधी काढले. मॉड्यूल डॅशबोर्डखाली असून जवळूनच एअरबॅगची वायरिंग जाते, त्यामुळे गाडीच्या पुस्तिकेत दिलेला थांबण्याचा अवधी पाळूनच हात घातला. वायरिंगचा झोळ कनेक्टरच्या खाली राहील असा बांधला, म्हणजे कधी वरून पाणी झिरपलेच तर ते कनेक्टरमध्ये न शिरता झोळावरून खाली ठिबकेल.

प्रोग्रॅमिंगसाठी एसएई जे२५३४ मानकाचा, संगणक गाडीला जोडणारा पास-थ्रू इंटरफेस वापरला आणि पूर्ण वेळ बॅटरीला स्थिर पुरवठा देणारा चार्जर जोडून ठेवला, कारण मधेच व्होल्टेज पडले तर नवे मॉड्यूलही निकामी होऊ शकते. ओळख क्रमांकाबरोबर टायरचा आकार आणि अ‍ॅक्सलचे गुणोत्तर भरावे लागले. त्यानंतर एन्कोडरची शिकवणी झाली: मॉड्यूलने मोटर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेऊन प्रत्येक स्थितीची किंमत स्वतः नोंदवून घेतली.

पहिली चाचणी चारही चाके स्टँडवर उचलून घेतली आणि फोर-हायमध्ये पुढचा प्रोपेलर शाफ्ट फिरतो याची खात्री केली. मग सैल मातीवर, सरळ रेषेत, कमी वेगात टू-हाय (दोन चाकांची स्थिती) ते फोर-हाय असे बदल करून पाहिले. मध्यवर्ती डिफरन्शियल नसलेल्या व्यवस्थेत कोरड्या पक्क्या रस्त्यावर ही चाचणी करू नये. वळणावर पुढच्या आणि मागच्या चाकांच्या वेगांतला फरक कुठेच जिरत नाही आणि तो ताण शाफ्ट व गिअर यांच्यावर येतो. फोर-लो गाडी थांबवून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून आणि ब्रेक दाबून लावले. हेअर ड्रायरची चाचणी नव्या मॉड्यूलवरही केली आणि संपर्क टिकून राहिला.

शेवटी गाडी बंद करून सर्व मॉड्यूल निद्रिस्त झाल्यावर बॅटरीतून जाणारा प्रवाह मोजला. तो ५० मिलीअँपिअरच्या आत आहे. ट्रान्सफर केसचे तेल बदलायचे बाकी आहे. जुन्या बोर्डवर नवा रिले बसवून आणि सांधे पुन्हा सोल्डर करून ते बाकावर याच बल्बच्या भाराखाली चालवून पाहणार आहे. त्याचे निष्कर्ष पुढील नोंदीत देईन.