बोरूच्या वहीवरून फॉन्ट : शिरोरेषेचे काम

एका जुन्या वहीतील बोरूच्या बाळबोध अक्षरांवरून देवनागरी फॉन्ट करण्याचे जे काम मी हाती घेतले आहे, त्यातील व्यंजने आणि स्वरचिन्हे रेखून झाली असून गेले काही आठवडे जवळजवळ सगळा वेळ शिरोरेषेवर गेला. वहीत अक्षरे आधी लिहून शिरोरेषा मागाहून एका ओढीत दिलेली आहे. ती सुरुवातीला भरीव, मध्ये किंचित लहरणारी आणि शेवटी निमुळती आहे. फॉन्टमध्ये मात्र प्रत्येक अक्षर आपल्या वाट्याचा तुकडा घेऊन येते.

पहिल्या मसुद्यात हे तुकडे मी अक्षराच्या सीमेवर बरोबर संपवले होते, तेव्हा ‘मला’ हा शब्द लहान आकारात पाहताना म आणि ल यांच्यामध्ये केसाएवढी फिकट फट दिसू लागली. मापे बिनचूक होती, परंतु सीमा पिक्सेलच्या मध्येच पडली की दोन्ही कडा वेगवेगळ्या पुसट होतात आणि पार्श्वभूमी डोकावते. आता अक्षर रेखण्याच्या १००० एककांच्या चौकटीत प्रत्येक तुकडा दोन्ही बाजूंना २० एकके पुढे नेला आहे. सांध्यापाशी उंची आणि जाडी सर्वत्र सारखी ठेवली असून लहर फक्त मधल्या भागात आहे.

शब्दाच्या आरंभीची व अंतीची टोके संदर्भानुसार बदलणाऱ्या नियमांनी बसवली. ‘दिवस’ या शब्दात आरंभीचे टोक द ला नव्हे, तर त्याच्या आधी उभ्या राहणाऱ्या वेलांटीला द्यावे लागते, हे लक्षात यायला दोन संध्याकाळी लागल्या. माझ्या मते हाताने लिहिल्याचा भास या टोकांमुळेच होतो, खडबडीत कडांमुळे नव्हे. म्हणूनच स्कॅनवरून संगणकाने आपोआप काढलेल्या बाह्यरेषा मी टाकून दिल्या. त्यांत कागदाचे तंतू आणि पसरलेली शाईसुद्धा शेकडो बिंदूंनी उमटली होती. वक्रांच्या टोकांवर मोजके बिंदू ठेवून प्रत्येक अक्षर नव्याने रेखले. हे करताना बोरूच्या टोकाचा तिरका काप सतत ध्यानात ठेवावा लागतो: देवनागरीत उजवीकडून खाली डावीकडे येणारी तिरकी रेघ जाड आणि उलट दिशेची बारीक असते, तर रोमन लेखणीत याच्या नेमके विरुद्ध घडते.

जर्मन अक्षररचनाकार हेर्मान त्साप्फ यांचा १९९८ चा ‘झाप्फिनो’ हा रोमन फॉन्ट त्यांनी १९४४ मध्ये काढलेल्या सुलेखनावर आधारलेला आहे. त्यात एकेका अक्षराला अनेक पर्याय आहेत, आणि त्यावरूनच मी कान्याची तीन रूपे केली. एकाच ओळीत पाच-सहा काने हुबेहूब सारखे आले की डोळ्याला ते लगेच खुपतात.

‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र मात्र अजून मनासारखा झालेला नाही. वहीत तो कोयरीच्या टोकासारखा हलका वळून य ला भिडतो. माझ्या रेखाटनात तो जड होऊन शिरोरेषेखाली लोंबकळल्यासारखा दिसतो. जाडी कमी करून पाहिली, तर लहान आकारात तो नाहीसाच होतो. त्यामुळे आता जाडी तशीच ठेवून वळणाचा माथा ३० एककांनी डावीकडे सरकवून पाहत आहे. तो जमला की रफार आणि उरलेली जोडाक्षरे हाती घेईन.