साहेब विचारतो तेव्हा

मालवणातली काही मुलं सध्या युरोपात नोकरी शोधतायत. त्यांचे फोन येतात ते पगार, घरभाडं आणि थंडीबद्दल. साहेब कसे असतात, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते इथे आल्यावर माणूस सर्वांत जास्त अडखळतो तो तिथेच, म्हणून आज त्यावरच लिहितो.

मी नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदरात कंटेनरच्या क्रेनच्या देखभालीचं काम करतो. आमच्या पन्नाशीच्या विभागप्रमुखाला सगळे नावाने हाक मारतात. सकाळच्या बैठकीत तो स्वतःचं मत आधी सांगत नाही. सर्वांत नव्या माणसाला विचारतो, तुला काय वाटतं? एकदा एक विशीतला तंत्रज्ञ सगळ्यांसमोर म्हणाला, "वेळापत्रक चुकलंय. ही दोन कामं एका दिवसात होणार नाहीत." साहेबाने कारण विचारलं, पटलं, फळा पुसला आणि नवं वेळापत्रक लिहिलं. कोणाचा चेहरा पडला नाही, मागाहून कुजबुजही झाली नाही.

हे मी सुट्टीत मालवणच्या दांडी किनाऱ्यावर काकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "सायबाक कळणा नाय तर तो सायब कसलो?"

काकांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. आपल्याकडे तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, मान मिळतो तो त्याला वारा, पाणी आणि खडक ठाऊक असतात म्हणून. होडीवर मतं घेत बसायला वेळ नसतो. इथेही तसंच आहे. वाऱ्याचा वेग ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की हाच विभागप्रमुख एका वाक्यात क्रेन थांबवायला सांगतो, आणि सकाळी त्याच्याशी वाद घालणारा तो तंत्रज्ञ निमूट ऐकतो. माणूस तोच, प्रसंग वेगळा.

गीर्ट हॉफस्टेड या डच अभ्यासकाने १९६७ ते १९७३ दरम्यान आयबीएम या संगणक कंपनीच्या अनेक देशांतल्या कर्मचाऱ्यांनी भरलेल्या लाखाहून अधिक प्रश्नावल्या अभ्यासल्या. वरचा आणि खालचा यांच्यातलं अंतर लोक किती गृहीत धरतात, याचा त्याने निर्देशांक काढला. भारताचा ७७, नेदरलँड्सचा ३८; आकडा जितका मोठा, तितकं अंतर जास्त. आकड्यावरून एकेक माणूस ओळखता येत नाही, पण बैठकीत आपली जीभ जड का होते, याचा अंदाज येतो.

मात्र डच लोक जन्मतःच असे आहेत, असं समजू नका. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या धावपट्टीवर धुक्यात केएलएम या डच कंपनीचं विमान परवानगी मिळण्याआधीच उड्डाणासाठी धावू लागलं. समोरचं पॅन अ‍ॅमचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं नाही का, अशी शंका फ्लाइट इंजिनीअरने बोलून दाखवली होती. अनुभवी, नावाजलेल्या कॅप्टनने ती बाजूला सारली. इंजिनीअर पुढे बोलला नाही. ५८३ माणसं गेली. वैमानिकांच्या प्रशिक्षणात त्यानंतर मोठा बदल झाला: हाताखालच्याने शंका ठामपणे मांडायची आणि वरच्याने ती ऐकायची. जहाजांवरही तोच धडा आला. आपल्या जिल्ह्यातली जी मुलं मर्चंट नेव्हीत अधिकारी आहेत, त्यांना ब्रिज रिसोर्स मॅनेजमेंट, म्हणजे जहाज हाकणाऱ्यांनी एकमेकांचं ऐकत काम कसं करायचं, हे शिकावंच लागतं. त्यांना विचारून बघा, ते हेच सांगतील.

शिवाय इथे ऐकणं फक्त साहेबाच्या स्वभावावर सोडलेलं नाही. ५० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कंपनीत कामगारांनी निवडलेलं मंडळ कायद्यानेच असावं लागतं. कामाच्या वेळांचे किंवा रजांचे नियम बदलायचे तर त्याची संमती लागते. याचा त्रासही होतो. साध्या पाळ्यांच्या बदलावर बैठकांमागून बैठका होतात आणि आपल्याला वाटतं, कोणीतरी एकदाचं ठरवा रे! पण एकदा ठरलं की आतून पाय ओढणारा कोणी उरत नाही. मला हा सौदा फायद्याचा वाटतो.

कुर्ट लेविन हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत दहा वर्षांच्या मुलांचे गट करून पाहिले. काही गटांना हुकूम सोडणारा प्रमुख, काहींना मिळून ठरवणारा, काहींना पूर्ण मोकळं सोडणारा. हुकमी प्रमुख खोलीत असेपर्यंत मुलं भरपूर काम करायची, तो बाहेर गेला की काम ढेपाळायचं. मिळून ठरवणाऱ्या गटात प्रमुख असो वा नसो, काम चालू राहायचं. आपल्याकडच्या किती कचेऱ्या आणि दुकानं आठवली मला हे वाचताना!

आणि तरीही हे काही आपल्याला परकं नाही. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, आठवा. जाळं कधी आणि कुठे सोडायचं हे जाणता माणूस ठरवतो, होडी अर्धगोल फिरून येते, आणि मग दोन्ही बाजूंचे दोर ओढायला सगळे लागतात, तो जाणताही. मासळीचे वाटे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडतात. लहानपणी मी दोराला हात लावला की माझ्या हातात चार तारल्या तरी पडायच्याच.

मला खटकतं ते वेगळंच. आपल्याकडच्या बऱ्याच मालकांनी आणि साहेबांनी तांडेलाचा आवाज उचलला, पण ते होडीत बसत नाहीत. लाट आली तर भिजणार खलाशी, हुकूम सोडणारा मात्र काठावर. त्याला दर्या दिसत नाही, आणि ज्याला दिसतो त्याला तो विचारत नाही.

तारकर्ली-देवबागला पर्यटकांच्या बोटी चालवणारे माझे मित्र हे वाचत असतील. तुमच्या बोटीवरचा सर्वांत लहान पोरगा गिऱ्हाइकांसमोर तुम्हाला "आज बाहेर नको" म्हणू शकतो का? त्याने तसं म्हटलं आणि दिवसाचा धंदा बुडाला, तर त्याची मजुरी कापू नका. पुढच्या वेळी तो बोलेल की गप्प बसेल, हे त्या दिवशीच ठरतं.

आणि इकडे येणाऱ्या मुलांनो, पहिल्याच बैठकीत साहेब तुम्हाला विचारेल. "तुम्ही म्हणाल तसं" असं उत्तर देऊ नका. त्याला तो नम्रपणा वाटत नाही; या माणसाने कामाचा विचारच केलेला नाही, असं वाटतं. नाव घेऊन बोलायला संकोच वाटत असेल तर हरकत नाही, तो हळूहळू जातो. पण क्रेनचा आवाज वेगळा येतोय असं वाटलं, तर ते त्याच दिवशी सांगा.