विकतच्या सिस्टममध्ये आमचा व्हर्नियर

आमच्या कॉलेजनं लर्निंग सिस्टम विकत घेतलीय, नोट्स टाकायला, असाइनमेंट घ्यायला चांगली आहे, पण व्हर्नियर कॅलिपरचं (बारीक मापं घ्यायच्या सरकत्या जबड्याच्या साधनाचं) रीडिंग घ्यायचं म्हटलं की फोटो टाका आणि चार पर्याय द्या, बास. अंदाजानं टिक केलं तरी चारातनं एकदा बरोबर येतंयच की. आमची पोरं पुढं शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत मशीन शॉपला लागतात, तिथं अंदाज नाही चालत.

म्हणून मी छोटं टूल लिहिलं. बोटानं जबडा सरकवून जॉबला, म्हणजे मापायच्या तुकड्याला टेकवायचा, मेन स्केल २४, व्हर्नियरची १३वी रेघ जुळली, एका रेघेचे ०.०२, तर २४.२६ मिमी असं स्वतः टाइप करायचं.

आता ते सिस्टममध्ये बसवायचं कसं? पूर्वी ब्लॅकबोर्ड नावाच्या लर्निंग सिस्टमला बिल्डिंग ब्लॉक्स, म्हणजे वरनं जोडायचे प्रोग्रॅम असायचे, जावात लिहायचं, त्याची एक वॉर फाइल (सगळा प्रोग्रॅम एकत्र बांधलेली) करून त्यांच्याच सर्व्हरवर चढवायची, म्हणजे मेन सिस्टम अपडेट झाली की आपलं मोडतंय का याची धास्ती. मला एलटीआयच पटलं, म्हणजे बाहेरचं टूल कुठल्याही लर्निंग सिस्टमला जोडायची ठरलेली पद्धत. २०१० ला तिची १.० आवृत्ती आली, नवीन काम असेल तर सरळ १.३ घ्या, आमच्या सिस्टमवर १.१ चालतंय. टूल आपल्याच सर्व्हरवर राहतं, सिस्टम फक्त कोण आलंय, कुठल्या कोर्समधनं, शिक्षक की विद्यार्थी एवढं सही करून पाठवते, पोरांना वेगळं लॉगिन नको. उद्या कॉलेज मूडल या दुसऱ्या लर्निंग सिस्टमवर गेलं तरी हेच टूल तिथं जोडता येतंय, मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

पहिल्या दिवशी मात्र कुणाचंच उघडेना. सिस्टम आणि टूलमध्ये ठरलेली ‘की’ (ओळख) बरोबर, ‘सीक्रेट’ (सहीचा गुप्त शब्द) बरोबर, दोन रात्री घालवल्या आणि मग दिसलं की आमच्या सर्व्हरचं घड्याळ सात मिनिटं मागं, आणि टूल पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक असला की रिक्वेस्ट नाकारतंय! तुम्ही करणार असाल तर आधी घड्याळ बघा, बाकी सगळं नंतर.

१.१ मध्ये टूलकडनं सिस्टमला मार्क पाठवताना ० ते १ मध्येच पाठवायचे, २० पैकी १७ म्हणजे ०.८५, सिस्टमचं ग्रेडबुक (मार्कांची वही) पुढचं बघतं.

जुलैत पंचगंगेला पाणी आलं, रस्ते बंद, तेव्हा शिरोळकडच्या एका मुलीनं घरी बसून मोबाईलवर वीसही रीडिंग केली. तीन चुकली, आणि तिन्ही निगेटिव्ह झिरो एररची, म्हणजे जबडे मिटल्यावर व्हर्नियरचा शून्य मेन स्केलच्या शून्याच्या डावीकडे जातो तिथली. बाकीच्यांची उत्तरं काढून बघितली तर बऱ्याच जणांचं तिथंच अडलेलं. रस्ता सुरू झाल्यावर पहिलं प्रॅक्टिकल मी झिरो एररवरच घेतलं.