मोरीमागचं अळू

आज सकाळी साडेसहाला खालच्या काकूंनी पुन्हा हाक मारली. "अहो, झाडांना पाणी जरा बेतानं घाला, माझे कपडे भिजतात." मी तर अजून नळही सोडला नव्हता. टपकत होतं ते अळू. रात्रभर मुळांनी ओढलेलं पाणी पहाटे पानाच्या टोकाशी थेंब होऊन जमतं, आणि आमच्या डोंबिवलीच्या गॅलरीत हे टोक नेमकं कठड्याबाहेर झुकलंय. थेंब सुटला की पान किंचित उचललं जातं, मग दुसरा फुगायला लागतो. चहा गार होईपर्यंत मी हे बघत बसते. आई म्हणायची, "रात्री ढोसतं, पहाटे सांडतं."

हे अळू मूळचं दापोली तालुक्यातलं, आमच्या घराच्या मोरीमागचं. भांडी घासल्याचं, अंघोळीचं, सगळं सांडपाणी एका चरातून तिकडे जायचं. वर केळ, खाली अळू. कुणी कधी लावलेलं आठवत नाही आणि कुणी कधी खत घातलेलं नाही.

2020 च्या मार्चमध्ये आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे आली आणि लॉकडाऊनमध्ये अडकली. 3 जूनला निसर्ग वादळ आलं. आठ दिवस दादाचा फोन लागेना. लागला तेव्हा कळलं, कौलं गेली, पोफळी तर एकीवर एक आडव्या. आई "बरं" म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली. दिवाळीत दादा येणार म्हटल्यावर तिने एकच गोष्ट मागितली: "मोरीमागच्या अळवाचे चार गड्डे आण." लुगडी नको, देव्हाऱ्यातल्या मूर्ती नकोत.

रंगाच्या रिकाम्या बादलीत तिने ते लावले. मी भोक पाडायला निघाले तर ओरडली, "अळवाला कसलं भोक पाडतेस? त्याला चिखलच लागतो." तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं पाणी सिंकमध्ये ओतायची मला बंदी झाली. सत्तरी उलटलेली बाई पातेलं दोन्ही हातांत धरून स्वयंपाकघरातून गॅलरीपर्यंत जायची, फरशीवर थेंबांची रांग, आणि मागून मी फडकं घेऊन. चिडायचे मी, खोटं कशाला बोलू.

वडीसाठी काळ्या देठाचं पान. शिरा लाटण्याने दाबून घ्यायच्या, चिंच सढळ हाताने, नाहीतर घसा खाजतो. हे सगळं येतं मला. तिची वडी मात्र सुरी लावली तरी सुटायची नाही, माझी सुटते. ऋषिपंचमीला बाजारात भाज्यांचा आयता वाटा मिळतो, पण तिला त्याचा भरवसा नव्हता. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं चालत नाही ना! बादलीतलं अळू मात्र पक्कं. तिसऱ्या मजल्यावर बैल येतोय कुठून.

आई जाऊन दोन वर्षं झाली. त्यानंतर दादाने हक्कसोडपत्र पुढे केलं. घर त्यानेच सांभाळलं, वादळानंतर कर्ज काढून उभं केलं, हे मला मान्य आहे. सही केली. पण कागद टपालाने पाठवला होता, स्वतः आला नाही, ते मनात राहिलं. मग फोन फक्त सणावारी, तेही वहिनीचे.

गेल्या रविवारी त्याचा स्वतःचा आला. इकडचं तिकडचं झालं, पावसाचं झालं. मग म्हणाला, "मोरीमागचं अळू गेलं गं." नवीन बाथरूम बांधलं, सांडपाणी पाइपातून थेट शोषखड्ड्यात जातं. चर बुजला, दोन उन्हाळ्यांत अळू वाळून गेलं. "तुझ्याकडे असेल ना अजून?"

मी जरा वेळ काही बोललेच नाही. त्याला वाटलं फोन कट झाला. "हॅलो, हॅलो" करत राहिला.

आज दुपारी बादली उपसली. हात कोपरापर्यंत चिखलात. आठ गड्डे निघाले, पिल्लं वेगळी. चार ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेत, यायचा आहे म्हणे तो शनिवारी. बागेतल्या नळाखाली लाव, असं सांगणार आहे. सगळ्यात मोठा गड्डा मात्र मी परत बादलीत लावलाय, ते नाही सांगणार.

खालच्या काकूंना संध्याकाळी दहा पानं नेऊन दिली. त्यांनी दोरी एक वीत आत सरकवली.