वेंगेन, म्युरेन की ग्रिंडेलवाल्ड? आल्प्समध्ये मुक्काम कुठे टाकायचा

स्वित्झर्लंडचं ठरलं की आपल्याकडे पहिलं बुकिंग होतं ते इंटरलाकेनचं. टूरच्या बसेस तिथे थांबतात, भारतीय जेवणाची हॉटेलं आहेत, कुर्सालच्या बागेत यश चोप्रांचा पुतळासुद्धा आहे. पण इंटरलाकेन डोंगरात नाही. थुन आणि ब्रिएन्झ या दोन तळ्यांच्या मधल्या सपाटीवर, जेमतेम ५७० मीटर उंचीवर वसलेलं ते गाव. तिथे राहून डोंगर बघायचे म्हणजे रोज सकाळी गाडी पकडून वर आणि संध्याकाळी दमूनभागून पुन्हा खाली. दोन रात्रींपुरतं ते ठीक आहे. आठवडाभर राहणार असाल तर सरळ वर जाऊन राहा.

आम्ही पाच जण होतो. आई-बाबा, दोघंही सत्तरीपुढचे, आम्ही नवरा-बायको आणि लेक. बाबांचा एक गुडघा कुरकुरतो, आई अंडंही खात नाही, लेकीला चढायला काहीतरी हवं असतं. महिना जून, तोही मधला. तिची शाळा सुरू झाली होती, पण थोडे दिवस बुडाले तर बुडू दिले. कारण पुढे सांगतो.

गाव निवडताना इंटरनेटवरचे फोटो बाजूला ठेवले. फोटोत सगळीच गावं सुंदर दिसतात आणि दिवसभर आपण गावात नसतोच. रेल्वे, रोपवे, बस यांचं जाळं एवढं घट्ट विणलेलं आहे की कुठेही राहिलात तरी सगळीकडे जाता येतं. फरक पडतो तो दोनच गोष्टींनी. दिवसाचे पर्यटक खाली उतरून गेल्यावर गावात काय उरतं, आणि घराच्या दारापासून पहिल्या गाडीपर्यंत किती चढ-उतार आहे. या दोन प्रश्नांवर आम्ही वेंगेन घेतलं. पुन्हा गेलो तरी तेच घेईन.

आधी भूगोल समजून घ्या, म्हणजे निम्मा गोंधळ मिटतो. इंटरलाकेनला वेस्ट आणि ओस्ट अशी दोन स्टेशनं आहेत. डोंगरातली गाडी ओस्टहून सुटते. त्स्वाइल्युचिनेन नावाच्या छोट्या स्टेशनात ही गाडी तुटते. एक भाग काळ्या ल्युचिने नदीच्या काठानं ग्रिंडेलवाल्डला जातो, दुसरा पांढऱ्या ल्युचिनेच्या काठानं लाउटरब्रुनेनला. कुठला डबा कुठे जाणार ते डब्यावर आणि फलाटावर लिहिलेलं असतं. बॅगा एका डब्यात आणि माणसं दुसऱ्या, असं करू नका.

लाउटरब्रुनेन म्हणजे दोन्ही बाजूंना उभे कडे आणि मधे चिंचोळी दरी. श्टाउबबाखचा धबधबा २९७ मीटरवरून पडतो आणि अर्ध्या वाटेत वाऱ्यानं त्याचा नुसता फवारा होतो. येण्याजाण्याच्या दृष्टीनं जागा उत्तम: वेंगेनची गाडी, म्युरेनचा रोपवे, दरीतली बस, सगळं एका चौकात. पण मला राहायला आवडलं नसतं. ऊन कड्यावरून उशिरा उतरतं आणि लवकर पळतं, आणि मुख्य रस्त्यावर सकाळी दहापासून फोटो काढणाऱ्यांची रांग.

वेंगेनला मोटारीनं जाता येत नाही. गाडी लाउटरब्रुनेनच्या पार्किंगमध्ये ठेवायची आणि १८९३ पासून चालणाऱ्या दातेरी रुळांच्या रेल्वेनं सुमारे पाव तासात १२७४ मीटरवर पोचायचं. माथेरानसारखंच, फक्त घोडे आणि लाल धूळ वजा करा. गावाला लागणारं सगळं याच रेल्वेनं वर येतं. बाबा रोज संध्याकाळी स्टेशनसमोरच्या बाकावर बसायचे. कुठल्या गाडीतून किती क्रेट उतरले, हॉटेलांच्या बॅटरीवरच्या छोट्या गाड्यांपैकी कुणाची आधी भरली, याचा अहवाल जेवताना मिळायचा. सहानंतर गाव गावकऱ्यांचं आणि मुक्कामाला राहिलेल्यांचं असतं. युंगफ्राउ शिखरावर शेवटचं ऊन साडेनऊपर्यंत रेंगाळतं. ते बघायला वेगळं तिकीट काढावं लागत नाही, गॅलरीत खुर्ची ओढली की झालं.

मात्र वेंगेन उतारावर आहे. जाहिरातीत ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ लिहिलेलं असतं, पण जाताना पाच आणि येताना पंधरा असा प्रकार असू शकतो. घर ठरवण्याआधी स्विसटोपो या सरकारी नकाशासंस्थेचं मोफत ॲप उघडा, घराचं ठिकाण शोधा आणि स्टेशन व घर यांच्यामधल्या समोच्च रेषा मोजा. आम्ही मालकीणबाईंना थेट विचारलं होतं की पायऱ्या किती आणि सामान न्यायला गाडी येते का. उत्तर आलं ते मोजून, पायऱ्यांच्या आकड्यासकट. असं उत्तर देणारं घर घ्यावं.

वेंगेनचा दुसरा फायदा मेन्लिखेनचा रोपवे. गावातूनच सुटतो आणि काही मिनिटांत सव्वादोन हजार मीटरवर सोडतो. तिथून क्लायने शायडेग या खिंडीतल्या स्टेशनापर्यंतची पायवाट साधारण साडेचार किलोमीटरची, बहुतेक उताराची आणि बाबागाडी जाईल इतकी रुंद. समोर सतत आयगर, म्योंख, युंगफ्राउ. आम्ही गेलो तेव्हा वाट नुकतीच मोकळी झाली होती, कडेला मळकट बर्फाचे ढीग होते, आणि जिथे बर्फ वितळला होता तिथे चिखलातून जांभळी फुलं वर आलेली. पिवळ्या पाट्यांवर अंतर नसतं, वेळ असते: दीड तास. आई-बाबा बरोबर असतील तर अडीच धरा. स्विस माणसाचा दीड तास आपला नव्हे.

म्युरेन त्याच दरीच्या पलीकडच्या कड्यावर, १६३८ मीटरवर. दृश्याच्या बाबतीत ते वेंगेनला हरवतं. तिन्ही शिखरं समोर एका ओळीत उभी. बायको तिथल्या बाकावरून उठायलाच तयार नव्हती. पण लाउटरब्रुनेनहून जायचं तर आधी ग्रुचाल्पपर्यंत रोपवे, मग छोटी रेल्वे, म्हणजे रोजचा एक बदल जास्त. पाऊस लागला तर करण्यासारखं फारसं नाही. नवराबायको दोघंच असाल, चालायची आवड असेल, पुस्तक घेऊन बसायचं असेल तर म्युरेनच घ्या. लहान मुलं असतील तर निदान दिवसभरासाठी जा. आल्मेंडहुबेलला वर खेळायची बाग आहे, आणि खाली गिमेलवाल्डपर्यंत डांबरी वाटेनं अर्ध्या तासात रमतगमत उतरता येतं.

ग्रिंडेलवाल्ड या तिघांत मोठं. रस्ता, मोटारी, बसेस, दुकानं, सगळं आहे. आयगरची उत्तर भिंत थेट डोक्यावर. भाड्याची मोटार घेऊन फिरणार असाल, किंवा घरातल्या कुणाला संध्याकाळी दुकानं उघडी लागत असतील, तर हे सोयीचं. मला ते फार गजबजलेलं वाटलं. बुकिंग करताना एक पाहा: ग्रिंडेलवाल्ड आणि ग्रिंडेलवाल्ड टर्मिनल ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. २०२० च्या डिसेंबरात सुरू झालेला आयगर एक्सप्रेस रोपवे टर्मिनलहून निघतो आणि पंधरा मिनिटांत आयगर हिमनदीजवळच्या आयगरग्लेचर स्टेशनला नेतो. फर्स्ट नावाच्या डोंगरमाथ्याचा रोपवे मात्र गावातून, त्याच्या अगदी दुसऱ्या टोकाहून सुटतो. बाखआल्पझे तळ्यापर्यंत चालणं त्या बाजूनं.

युंगफ्राउयोख, म्हणजे म्योंख आणि युंगफ्राउ यांच्यामधली खिंड, सगळ्यांच्याच यादीत असतं. ३४५४ मीटर उंची, १९१२ साली पूर्ण झालेली, बहुतांश बोगद्यातून जाणारी रेल्वे, आणि तिकीट असं की रुपयांत हिशोब करू नये. त्याची तारीख मुंबईत बसून ठरवू नका. वर थेट कॅमेरे आहेत. सकाळी उठून ते बघा, ढग दिसले तर बेत पुढे ढकला. एकाच गावात आठवडाभर राहण्याचा खरा उपयोग हा. आम्ही मधला एक स्वच्छ दिवस पकडला, शायडेगमार्गे गेलो आणि आयगर एक्सप्रेसनं ग्रिंडेलवाल्डला उतरून परत आलो. वर बाबांना धाप लागली. अर्धा तास शांत बसवलं, पाणी दिलं, बर्फाच्या महालात ते आलेच नाहीत. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

पावसाच्या दिवशी ट्र्युमेलबाख. डोंगराच्या पोटातले दहा धबधबे, आयगर-म्योंख-युंगफ्राउच्या हिमनद्यांचं पाणी, भर उन्हाळ्यात सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत. आतल्या लिफ्टनं बरंच वर जाता येतं, पण पुढच्या पायऱ्या ओल्या असतात आणि आवाजानं शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. चार वर्षांखालच्या मुलांना आत सोडत नाहीत.

पासचं गणित मुक्कामावर ठरतं. स्विस ट्रॅव्हल पास वेंगेन, म्युरेन आणि ग्रिंडेलवाल्डपर्यंत पूर्ण चालतो, पण त्यापुढे युंगफ्राउयोखपर्यंत २५ टक्केच सवलत. रोज नवं शहर करणाऱ्यांना तो परवडतो. एका जागी राहून रोज वर जाणाऱ्यांनी हाफ फेअर कार्डचा हिशोब आधी मांडावा. महिनाभर बहुतेक तिकिटं निम्म्यात. आम्हाला तेच स्वस्त पडलं.

आता मे सोडून जून का, ते सांगतो. आपली सुट्टी मेमध्ये, आणि आल्प्समध्ये मे हा मधला मोसम. बर्फाचे खेळ संपलेले, चालायच्या वाटा अजून उघडलेल्या नाहीत, अनेक रोपवे दुरुस्तीसाठी बंद, वरच्या गावांतली बरीच हॉटेलंही बंद. दोन हजार मीटरच्या वर वाटांवर बर्फ असतो. धबधबे मात्र तेव्हा भरात असतात, दरी हिरवीगार, गर्दी कमी, युंगफ्राउयोख चालूच. म्हणून मेमध्येच जायचं असेल तर म्युरेनचा हट्ट सोडा आणि लाउटरब्रुनेन, ग्रिंडेलवाल्ड किंवा इंटरलाकेनशेजारच्या विल्डर्सविलला राहा. बुकिंगच्या आधी प्रत्येक रोपवेच्या संकेतस्थळावर तो कोणत्या तारखेला उघडतो ते बघा. वरच्या पायवाटा हव्या असतील तर जूनच्या मध्याआधी जाऊ नका.

जेवणाचं म्हणाल तर स्वयंपाकघर असलेलं घर घ्या. गावच्या कोऑप या सुपरमार्केटमध्ये तांदूळ, लाल मसूर, बटाटे, साधं दही मिळतं. गोडा मसाला, मेतकूट आणि सपाट बुडाचा छोटा कुकर घरून न्या. तिसऱ्या शिट्टीला आमच्या मालकीणबाई काळजीनं वर आल्या होत्या. कुकर बघून हसायला लागल्या. फोडणी देताना खिडकी उघडी ठेवा, लाकडी घरात वास मुरतो. बाहेर खाताना ‘ओने फ्लाइश’ म्हणजे मांसाशिवाय, हे पाठ करून ठेवा. आल्पलरमाग्रोनेन हा मॅकरोनी-बटाटा-चीजचा प्रकार आईला आवडला, पण त्यात कधीकधी बेकन घालतात. प्यायचं पाणी विकत घेऊ नका. नळाचं उत्तम असतं.

मोसमात घरं बरेचदा शनिवार ते शनिवार देतात. भाड्याशिवाय शेवटच्या साफसफाईचे पैसे आणि माणशी पर्यटन कर वेगळा लागतो, तो धरून तुलना करा. परतीला वेंगेनहून झ्युरिक विमानतळ साधारण तीन तास, आणि बदल लाउटरब्रुनेन, इंटरलाकेन ओस्ट आणि बर्नला. हमाल कुठेच नाहीत, बदलाला मिनिटं मोजकी. तेव्हा ज्याची त्याला उचलेल एवढीच बॅग, आणि विमान शक्यतो संध्याकाळचं.