वासोट्याच्या माचीवरून कोयना

वासोटा गडाच्या पायथ्याला नेणाऱ्या बोटींसाठी बामणोलीच्या धक्क्यावर माणशी भाडे नसते, बोट अख्खी ठरवावी लागते, त्यामुळे आमच्यासारख्या दोघांनी कोणाच्या तरी घोळक्यात सामावून घेतले जाण्याची वाट पाहत ताटकळत राहायचे, ही व्यवस्था मला अजिबात पटलेली नाही. शेवटी पुण्याच्या एका कंपूने आम्हाला बोटीत घेतले, परंतु ‘तुमच्यामुळे उशीर नको’ ही सूचनाही सोबत मिळाली. लग्नानंतर दोघांनी मिळून डोंगर चढण्याची ही आमची पहिलीच वेळ असल्याने ती सूचना जरा झोंबलीच.

बोट मेट इंदवलीला लागली. तिथल्या चौकीत वनरक्षकाने आमची पिशवी रिकामी करून पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे, इतकेच काय, नवऱ्याच्या खिशातल्या चिक्कीचे वेष्टनही मोजून वहीत नोंदवले आणि अनामत रक्कम घेतली. परतताना तेवढ्याच वस्तू दाखवल्या तरच पैसे परत. कंपूतल्या काहींना हा जाच वाटला. मला तो हवाहवासा वाटला, कारण २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात असलेल्या त्या दाट रानात पुढे एकही रिकामे पाकीट दिसले नाही.

चढाबद्दल विशेष सांगण्यासारखे नाही. सावली आहे, वाट मळलेली आहे, आणि नागेश्वरचा फाटा सोडल्यावर दम लागतो. गडावर छप्पर नसलेला मारुती भेटला, तिथून सगळे बाबूकडा पाहायला गेले आणि प्रतिध्वनी ऐकण्यासाठी एकमेकांच्या नावाने ओरडत बसले. कडा खरोखर छाती दडपून टाकणारा आहे, परंतु त्या आरडाओरड्यात तो पाहवेना, म्हणून आम्ही दोघे मागे फिरून काळकाईचे ठाणे म्हणतात त्या गडाच्या माचीकडे निघालो.

त्या निमुळत्या माचीवरून एका बाजूला कोयनेचे पाणी डोंगरांच्या खाचाखाचांतून शिरलेले दिसते आणि दुसऱ्या बाजूला रसाळ, सुमार, महिपत हे कोकणाच्या अंगाचे गड. मी नदी पाहायला आले होते आणि नदी कुठेच सापडेना: काठ नाही, वळण नाही, धार नाही. महाबळेश्वरी उगम पावून सह्याद्रीला समांतर दक्षिणेकडे येणारी, हेळवाकपाशी पूर्वेला वळून कराडला कृष्णेला मिळणारी कोयना इथे धरणामुळे तुंबून शिवसागर जलाशय झाली आहे. शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी मांडीवर घेऊन नवऱ्याने मला पुढचे समजावले. यातले बरेचसे पाणी कृष्णेकडे जातच नाही. इथून दक्षिणेला, याच डोंगररांगेच्या पोटातल्या बोगद्यांतून ते पश्चिमेला पोफळीकडे उतरते, तिथे वीज निर्माण करते आणि वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्राला मिळते. शाळेत हे सारे परीक्षेपुरते पाठ केले होते. आता मात्र बंगालच्या उपसागराकडे निघालेले पाणी आणि त्याला ज्या कोकणात उतरवले जाते तो मुलूख, हे दोन्ही मान वळवताच दिसत होते, आणि मी भाकरी हातात तशीच धरून पुन्हा पुन्हा मान वळवत राहिले. खाली थांबलेल्या कंपूची आठवण आम्हाला तासाभराने झाली. उतरण जवळजवळ पळतच केली.

परतीच्या बोटीत कंपूचा स्पीकर सुरू झाला. सामाईक बोटीतल्या पाहुण्याने कुरकुर करू नये हे मान्य, तरीही मी तो बंद करायला लावला, कारण नावाडी काहीतरी सांगत होता.

“ताई, आत्ता आपण गावावरनं चाललोय,” तो म्हणाला. “हितंच खाली आमच्या आज्याचं रान हुतं. धरणाचं पाणी चढलं तवा सोडलं. उन्हाळ्यात पाणी उतारलं की बांध दिसत्यात.”

“मग शेती करतं का कोणी तिथे?”

“करत्यात की, पाणी परत चढायच्या आत जेवढं हाताला लागंल तेवढं.”

त्याने इंजिन जरा मंद केले. मी वाकून पाहिले. गढूळ हिरव्या पाण्यात बोटीच्या सावलीखेरीज काहीच दिसले नाही. कंपूतला एक मुलगाही स्पीकर मांडीवर ठेवून वाकला होता.

नवऱ्याने लगेच नावाड्याचा नंबर घेतला आणि मे महिन्यात पुन्हा यायचा बेत जाहीर केला. बांध पाहण्यापुरती मी येईन. त्या उन्हात गड चढायचा असेल तर त्याने खुशाल एकट्याने चढावा, असे मी बोटीतच सांगून टाकले.